देव्हाऱ्याची भिंत

गेल्या महिन्यातली गोष्ट. इथे टेक्सासमध्ये, प्लेनोतल्या एका घराच्या ड्राइव्हवेवर व्हॅनमध्ये बसून डबा खात होतो आणि फोनवर घरं बघत होतो... विकायला काढलेली.

मला घर घ्यायचं नाहीये. आमचं काम घरं विकायच्या आधी रंगवून देण्याचं. पण लिस्टिंग बघायचा नाद लागलाय. शाळेत दहा मिनिटं पुस्तक धरवत नव्हतं, इथे एका घराचे चाळीस फोटो सलग बघतो. खाली इंग्रजीत काय लिहिलंय ते अडखळतच वाचतो, फोटो मात्र कळतात.

म्हणून काकू मला घर शोधायच्या कामाला लावतात. काका-काकूंचं किचन मागच्या वर्षी मी रंगवलं, तेव्हापासून रविवारी जेवायला तिकडेच असतो. काका रिटायर्ड इंजिनिअर. काकूंचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, त्यामुळे एकमजली घर हवंय. आठ महिने शोधतायत. काका प्रत्येक घराचं एक्सेल करणार... टॅक्स, अंतर, जवळची शाळा. तोवर घर गेलेलं असतं.

"शाळा कशाला बघताय? मला घालताय का परत?" काकू म्हणतात.

"रीसेलला लागतं गं."

"आधी सेल तर होऊ दे!"

तर गुरुवारी मला एक घर दिसलं. एकमजली, मोठ्या खिडक्या, मागे अंगण. लगेच काकूंना लिंक पाठवली. शनिवारी सकाळी दोघं बघून आले आणि काकांनी चक्क एक्सेल न करता ऑफर दिली. एजंट म्हणाली, खूप ऑफर आल्यात, घराची तपासणी नको असं लिहून दिलंत तर तुम्हाला मिळेल. काका तयार झाले. सोमवारी सही करायची होती.

शनिवारी आमचंही काम चालू असतं. डबा अर्धा झाला असेल, काकूंचा मेसेज आला. लिस्टिंगमधला डायनिंग रूमचा फोटो, कोपऱ्यात लाल गोल काढलेला. खाली लिहिलेलं... "इथे देव्हारा."

गोल कुठे आहे ते बघायला फोटो मोठा केला. गोलाच्या आत भिंतीवर एक डाग चमकत होता, पपईएवढा. रंग तोच, चमक वेगळी. कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की असं दिसतं, एरवी कुणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या आलं. कारण तो पॅच माझा होता.

मागच्या उन्हाळ्यात एकच दिवस त्या घरात होतो. तेव्हा आत काही नव्हतं, खाली तपकिरी कार्पेट. आता लाकडी फ्लोअर, फोटोत कॉम्प्युटरने घातलेले सोफे... ओळखूच आलं नव्हतं. त्या दिवशी शेवटी रंग कमी पडला म्हणून दुसऱ्या, जास्त चमकीच्या डब्यातला मारला होता. आणि रंगाखाली भेग होती, छतापासून दाराच्या चौकटीपर्यंत. इथली माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते, घर खालून हलतं. आमचा रंगकामाचा मालक म्हणाला, भर दे, रंग मार दे. मी भरली. दार लागत नव्हतं, ते घासून बसवलं.

हे फक्त मालकाला आणि मला माहीत. म्हणजे बोललो तर कोण बोललं ते त्याला कळणारच.

डबा बंद केला. दोन तास छत रंगवत राहिलो. सुट्टी झाल्यावर कपडे न बदलता काकांकडे गेलो.

"काका, ते घर घेऊ नका."

"का रे? तूच पाठवलंस ना?"

"काकूंनी दाखवली ती भिंत मी रंगवलीय."

काकू हसल्या. "मग चांगलीच असेल की!"

मग सगळं सांगितलं. काका म्हणाले, "हेअरलाइन असेल, केसाएवढी. टेक्सासमध्ये सगळ्या घरांना असतात."

"माझं बोट जात होतं, काका." बोट दाखवलं. त्याला रंग लागलेला होता.

काका त्या बोटाकडे बघत बसले. नंतर उठून एजंटला फोन लावायला आत गेले.

काकू रागावल्या नाहीत. चहा ठेवला. माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "ती बुजवलीस ना, तेव्हा इथे कुणीतरी राहायला येणारे, हे आलं नाही का रे डोक्यात?"

खरंच नव्हतं आलं. पाचला सुटायचंय, एवढंच होतं डोक्यात. तसं सांगितलं. त्यांनी चहा दिला, बरोबर चिवडाही.

काकांनी सही केली नाही. कारण एजंटला मेलमध्ये सविस्तर लिहिलं, माझं नाव सोडून. लिस्टिंग गायब झालं. आठवड्याभरात ते आमच्या मालकापर्यंत पोचलं. त्याने व्हॅनमध्ये विचारलं, "तूने ही बोला ना?" म्हटलं, हाँ. तो ओरडला नाही. सोमवारी येऊ नकोस म्हणाला. मग पुढच्या सोमवारीही.

आता एका कुंपणवाल्याबरोबर काम करतोय. बाहेरचं काम आहे, ऊन लागतं, बाकी ठीक. काकूंना अजून घर मिळालेलं नाही, रोज तोच जिना चढतात. मला घरं पाठवायला सांगणं मात्र त्यांनी थांबवलं नाही. याबद्दल त्यांचे आभार कसे मानायचे ते कळत नाही, म्हणून इथे लिहितोय.

काल ते लिस्टिंग परत दिसलं. तेच फोटो. खाली एक ओळ वाढलीय, सावकाश वाचली... फाउंडेशनचं, म्हणजे पायाचं काम करावं लागेल, इंजिनिअरचा रिपोर्ट मागून घ्यावा.

कोण घेईल माहीत नाही. पण घेईल तो वाचून घेईल.