पनवेलच्या मोदकाची शहानिशा

आमच्या घरात पुण्यातला मोदक सुखानं खाल्ला गेल्याचं मला आठवत नाही. मी पहिला घास घेतला की सौ. म्हणायची, "छान आहे हो. पण आमच्या पनवेलला..." आणि वाक्य तिथंच सोडून द्यायची. लग्नाला दहा वर्षं झाली, तरी ते वाक्य काही पुरं होईना. शेवटी या माघात मी पैजच लावली. मी एकट्यानं पनवेलला जायचं, गावभर मोदक खायचे आणि निकाल द्यायचा. पुण्याहून सरस मोदक मिळाला तर उन्हाळ्यात तिला महिनाभर माहेरी न्यायचं. नाही मिळाला, तर पनवेलचं नाव पुन्हा घरात काढायचं नाही.

सौ.ला आईवडील नाहीत. पनवेलच्या मावशीनं तिला वाढवलं, तेच तिचं माहेर. चार वर्षं ती तिकडे गेली नव्हती. कधी मला रजा नव्हती, कधी इच्छा. "लावा पैज," असं ती हसत म्हणाली खरी, पण माझी पिशवी भरताना दोनदा पंचा ठेवला आणि दोनदा काढला.

चतुर्थीच्या पहाटे एस.टी. सुटली. घाट उतरेपर्यंत शेजारचे गृहस्थ माझ्या खांद्यावर झोपले होते. खोपोलीला जागे होऊन त्यांनी मलाच विचारलं, "का हो, फार अवघडून बसलाय?" पुढे सपाट शेतं, मधेच खाडीचा वास, आणि मग धुळीचा एक मोठा लोट आला. कंडक्टर ओरडला, "पनवेल!" म्हणजे त्या धुळीच्या आत गाव होतं.

मोटारस्टँडवरच पहिली पाटी दिसली: 'ताजे मोदक'. भज्यांच्याच कढईत तळलेले. पुरीचा खुळखुळा झाला होता आणि आत भाजलेलं खोबरं नावापुरतं. मी विचारलं, "हे कधीचे?"

"आत्ताचे, साहेब."

"आत्ताचे म्हणजे कोणत्या महिन्यातले?"

तो ओशाळला नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला वडे बांधू लागला. मोदकाला कांद्याचा वास होता, एवढं लिहून तो विषय संपवतो.

बाजारपेठेत एक हॉटेल लागलं. संगमरवरी टेबलं, भिंतभर आरसे, गल्ल्यावर धुपाचा धूर. इथं 'स्पेशल उकडीचे मोदक' होते. आले ते साच्यातले! सगळे एका मापाचे, कळ्या (मोदकाच्या चुण्या) नुसत्या रेघा मारल्यासारख्या, आणि पारी इतकी जाड की सारण शोधायला दोन घास लागले. सापडलं ते साखरेचं. गुळाऐवजी साखर! मालक कौतुकानं जवळ आले. "कसा काय वाटला?"

"पुण्यात याची भिंत बांधतात," मी म्हटलं.

"पुण्याची माणसं का आपण? तरीच," असं म्हणून ते शांतपणे गल्ल्यावर जाऊन बसले. यात 'तरीच' काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

तिसरी खानावळ, जिना चढून वर. "चतुर्थी आहे, मोदक आहेत ना?" म्हटलं, तर वाढप्यानं उकडलेले, फुटलेले, पाणी प्यायलेले दोन गोळे पानात सोडले आणि वर म्हणाला, "तूप वेगळं मागा." मी तूप मागितलं नाही. मेलेल्याला शृंगार कशाला? जिना उतरताना मात्र मी खुशीत होतो. पैज जिंकली होती. एवढ्याशा गावानं दहा वर्षं माझं तोंड कडू केलं होतं, त्याचा हिशेब मिटला.

तळ्याच्या वाटेवर एक आगरी बाई (इकडच्या मिठागरांवर आणि शेतीवर राबणाऱ्या लोकांपैकी) टोपलीत मीठ घेऊन बसली होती. जिंकलेला माणूस बोलका होतो. मी तिला म्हटलं, "बाई, तुमच्या गावात एक मोदक धड मिळत नाही."

"इकत?" तिनं मला खालीवर पाहिलं. "मोदक इकत कोन खातो? आमी घरी करताव. तुमचं हितं कोनी नाय का?"

"आहेत. बायकोची मावशी."

"मंग हितं उन्हात काय करताव? जा की तिच्याकडं!"

मावशीकडे न जाता निकाल दिला, तर सौ. तो मानणार नाही हे खरं होतं. गेलो.

मावशी म्हणजे ठेंगणी, हसरी, डोळे बारीक करून बोलणारी बाई. मी दारात दिसताच तिनं आधी माझ्या मागं पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"कमल नाही आली?"

"यंदा जमलं नाही."

"यंदाही," ती म्हणाली आणि पाट मांडायला आत गेली.

पंगत बसली. मावशीचे यजमान नाना माझ्या शेजारी. त्यांनी सांगितलं, "आमच्याकडे माघी चतुर्थीला पहिला घास मोदकाचा. नैवेद्याचे एकवीस, त्यांतला एक मिठाचा. तो ज्याला येईल त्यानं पानावरून उठायचं. घरची चाल आहे." मी मान हलवली. एकविसांत एक, मला कशाला येतोय?

मावशीनं स्वतः वाढलं. काय सांगू! पांढरीशुभ्र, पातळ पारी, आतला गूळ बाहेरून जाणवत होता. कळ्या अशा बारीक की मोजायचा धीर होईना. पैज हातची जाते की काय! मग दिसलं, माझ्या मोदकाचं नाक एका बाजूला कललेलं होतं. इतरांच्या मोदकांची नाकं सरळ. सापडली चूक, मी मनात म्हटलं, आणि मोठ्या समाधानानं तूप ओतून अर्धा मोदक तोंडात घातला.

मीठ! नुसतं मीठ. डोळ्यांतून पाणी आलं.

"उठा, जावईबापू," नाना म्हणाले. कोणी हसलं नाही, त्याचाच जास्त राग आला. मी हात धुऊन ओटीवर बसलो. आत नानांनी त्यांचा मोदक फोडला, वाफेबरोबर गूळखोबऱ्याचा आणि वेलदोड्याचा वास थेट ओटीपर्यंत आला. सकाळपासून तीन ठिकाणी कचरा खाल्लेल्या माणसानं तो वास घेत बसायचं, म्हणजे छळ आहे.

निघताना मावशी म्हणाली, "मिठाचा आला की तोंड गोड करायला परत यावं लागतं. जोडीनं."

"मी चालीबिली मानत नाही," मी म्हटलं.

"नका मानू. कमलला सांगा मात्र."

अंधार पडायच्या सुमाराला घरी पोचलो. सौ.नं पाणी पुढं केलं. मीच सुरू केलं. स्टँडवरचा दगड, हॉटेलातली वीट, खानावळीतला चिखल. ती खाली मान घालून ऐकत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "म्हणजे संपलंच. बरं. नाही काढणार नाव."

मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उगीच म्हणालो, "तुझ्या मावशीकडेही गेलो होतो. तिथला तर खारट."

तिनं झटकन मान वर केली. "खारट? नाक कललेलं होतं का?"

"होतं. तेवढं एक तिला जमलं नाही."

सौ. हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. "अहो, मिठाचा कुठला ते वाढताना कळावं म्हणून मावशी त्याचं नाक कलतं ठेवते. तो चुकून कधी कुणाच्या पानात पडत नाही. मावशीच्या मुलीच्या, आमच्या ताईच्या नवऱ्याला दोन वर्षं लागोपाठ वाढला होता. तेही ताईला पाठवत नव्हते."

"ही शुद्ध लबाडी आहे!" मी ओरडलो.

"आहेच," ती डोळे पुसत म्हणाली.

परवा शेजाऱ्यांकडून पुण्यातला मोदक आला. मी घास घेतला. सौ. पुढ्यात बसून वाट पाहत होती, पण तिनं काही म्हटलं नाही.

"छान आहे," मी म्हटलं. "पण तुमच्या पनवेलला..."

पुढं काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं, कारण तिथला गोड मोदक मी खाल्लाच नव्हता. सौ. उठली, आणि माळ्यावरची ट्रंक काढायला तिनं मलाच स्टुलावर चढवलं.