नाडी बघणाऱ्या बाई

भोईवाड्याला मावशीच्या चाळीत मी त्या बाईंना एकदाच जवळून पाहिलं. मावशीच्या शेजारच्या खोलीत वाढलेल्या, परळच्या इस्पितळात बरीच वर्षं डॉक्टर, आणि आता अंतराळवीर झालेल्या. उड्डाणाआधीच्या तयारीसाठी त्या दिवशी त्या निघाल्या होत्या. खाली गाडी थांबलेली, आणि गॅलरीत अख्खी चाळ नाडी दाखवायला उभी. बाई एकेकाचं मनगट धरत, डोळे मिटत आणि लांबून कुठूनतरी येणारं काही ऐकत असल्यासारख्या थांबत. घाई म्हणून नाहीच.

मावशी शेवटची. नाडी बघून होताच तिने बाईंच्या हातावर दही ठेवलं. त्याशिवाय ती कुणाला घराबाहेर पडू देत नाही.

तळहाताकडे बघत बाई हळूच म्हणाल्या, "काकी, तिकडे हात उलटा केला तरी हे पडणार नाही."

"ता ऱ्हवांदे," मावशी म्हणाली. "तू खाली ये म्हणजे झाला."

बाईंनी दही चाटून घेतलं, पुन्हा एकदा मावशीचं मनगट धरलं आणि जिना उतरल्या.

परवा तिन्हीसांजेला मावशी आणि मी गॅलरीत उभ्या होतो. त्यांचं यान दिसणार होतं. टॉवरांच्या मधे उरलेल्या आभाळातून एक ठळक ठिपका सावकाश सरकू लागला. मावशीने कठड्याबाहेर हात लांब केला आणि मनगट वर धरलं.

ठिपका टॉवरमागे गेला, तरी तिने हात आत घेतला नाही.