दुसऱ्या दारातला बाप्पा

वसुधाकाकूंवर अन्याय झाला तो गेल्या दिवाळीनंतरच्या सोमवारी दुपारी, जेवणाची ताटं उचलली जात असताना. जागा मुंबईत हिंदमाताजवळच्या एका इमारतीचा दुसरा मजला. खाली साड्यांची दुकानं, वर नर्सिंग होम. खुब्याचं हाड मोडलेली, अंगावरून वारं गेलेली, घरी सांभाळता न येणारी म्हातारी माणसं इथे महिनोन् महिने असतात. नाव देत नाही. दिलं, तर बाकीचे सगळे नर्सिंग होमवाले सुटकेचा निःश्वास टाकून चहा मागवतील.

तळमजल्यावर मीटरच्या खोलीत वायरी जळल्या. धूर जिन्यातून वर आला. चालू शकणाऱ्या पेशंटना नर्सनी नाकाला ओला टॉवेल लावून त्याच धुरातून खाली नेलं. काकूंना चालता येत नाही. त्यांना खिडकीशी बसवलं, गजांना तोंड लावून. धूर ओसरेपर्यंत त्या तशाच बसल्या. बंब येऊन गेला, दुपारचा चहा अगदी वेळेवर आला, आणि डॉक्टरसाहेबांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला: ‘मायनर इन्सिडेंट. ऑल सेफ.’ सोबत जोडलेल्या हातांचा इमोजी.

मी रुग्णहक्कांसाठी भांडणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करते. माझं काम सेफ्टी ऑडिट. म्हणजे दवाखान्यात शिरायचं आणि उद्या काही पेटलं तर अंथरुणावरचा पेशंट रस्त्यापर्यंत कसा पोचेल, ते बघायचं. या कामामुळे मला कुठल्याही डॉक्टरांच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण येत नाही.

काकूंची मुलगी मंजिरी, माझी जुनी मैत्रीण, आमच्याकडे आली. बँकेत नोकरी, घर गिरगावात, चौथा माळा, लिफ्ट नाही.

“आईची छाती अजून वाजते,” ती म्हणाली. “घरी नेलं तर दिवसभर बघणार कोण? मला एवढंच सांग, आज रात्री तिला तिथे झोपवू की नको?”

दोघी भेटायच्या वेळेत गेलो. वॉर्डच्या टोकाला सागवानी मखर, त्यात कमरेएवढा गणपती, लाइटिंग, ताजं जास्वंद. येणारा प्रत्येक जण चपला काढून नमस्कार करत होता. मंजिरीनेही केला.

“ही जागा निवडलीस कशी?” मी विचारलं.

“स्वच्छ वाटली. फिनेलचा वास होता. आणि बाप्पा बघून जरा बरं वाटलं.”

मी मखराच्या वर बघत होते. झेंडूच्या माळेआड एक हिरवी पाटी होती आणि पाटीवरचा माणूस पळत होता. फायर एग्झिटची पाटी. पहिल्या जिन्यात धूर भरला तर दुसऱ्या दाराने माणसं काढता यावीत, म्हणून असं दार ठेवावंच लागतं. इथेही होतं. बाप्पाच्या पाठीमागे. पाटीवरचा माणूस जिवाच्या आकांताने थेट मुकुटात धावत होता.

डॉक्टरसाहेब आले. हसतमुख, मनगटात लाल गंडा.

“मॅडम, धूर म्हणजे आग नव्हे.”

“बरोबर. आग पोचायच्या आधीच माणूस धुराने मरतो. ते दार उघडून दाखवा.”

“तिथे देव आहे.”

“देवामागे दार आहे.”

“असं कसं हलवणार? लोकांच्या भावना आहेत. आणि खरं सांगू, त्याच्याच कृपेने सगळे वाचले.”

“मग बंब कशाला बोलावलात? आरती करायची होती.”

त्यांचं हसू जरा आखडलं. “तुम्ही आजकालच्या मुली. देव उचला म्हणणं सोपं आहे.”

“मुलींना कशाला बोलता? मी म्हणते उचला.”

मागून आवाज आला. व्हीलचेअरवर वसुधाकाकू. दम लागत होता, पण धार शाबूत.

“काकू, तुम्हीसुद्धा? तुम्ही तर देवाधर्माच्या,” डॉक्टरसाहेब म्हणाले.

“म्हणूनच सांगते. जन्म गिरगावात गेलाय माझा. आमच्या चाळीचा गणपती दरवर्षी दोन जिने उतरून चौपाटीवर जातो. उत्तरपूजा करायची, अक्षता टाकायच्या, मूर्ती जागेवरून जराशी हलवायची, झालं. देव उचलायला आम्हाला शिकवू नका. याची प्रतिष्ठा कुठल्या गुरुजींनी केली?”

डॉक्टरसाहेब मनगटातला गंडा फिरवू लागले.

“कोणी केली, विचारते.”

“तसं... इंटिरियरवाल्याने बसवला. तो कोपरा रिकामा दिसत होता.”

आजूबाजूचे नातेवाईक आता डॉक्टरांकडे बघत होते. भावना दुखावल्या होत्या खऱ्या, फक्त पत्ता बदलला होता.

काकूंनी हळदकुंकू मागवलं. कुठल्याशा आजींच्या डब्यातला भात नैवेद्याला आला. दोन वॉर्डबॉय आणि एक जावई मूर्तीला भिडले. खाटांवरून बारीक आवाजात ‘मोरया’ झालं. कोणीतरी ‘पुढच्या वर्षी लवकर या’ सुरू केलं, तर काकू ओरडल्या, “ते नको रे! परत इथेच आणून बसवतील.”

बाप्पा डॉक्टरांच्या एसी केबिनमध्ये गेले. मखर सुतार बोलावून काढावं लागलं. मग दार उघडलं.

पलीकडे जिना होता. त्यावर मोडक्या खाटा, सडलेल्या गाद्या, रिकामे सिलिंडर आणि मागच्या कुठल्यातरी दिवाळीचा कंदील. मांजरालाही अंग चोरून उतरावं लागलं असतं.

“स्टोरेजचा प्रॉब्लेम आहे हो मुंबईत,” डॉक्टरसाहेब म्हणाले.

मंजिरी पुढे आली. “संध्याकाळपर्यंत रिकामा करा,” ती म्हणाली. “आणि आईला या जिन्याने रस्त्यावर नेऊन दाखवा. नाहीतर मी तिला चौथ्या माळ्यावर उचलून नेते. आणि ग्रुपवर लिहिते, का नेलं ते.”

ग्रुपचं नाव काढताच स्टोरेजचा प्रॉब्लेम सुटला. दिवे लागायच्या सुमाराला काकूंना खुर्चीत बांधून दोघा वॉर्डबॉयनी खाली उतरवलं. फुटपाथवर टेकल्यावर त्यांनी मोकळा श्वास घेतला, समोरच्या दुकानाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “आलोच आहोत तर एक साडी बघू का गं?”

त्या रात्री काकू तिथेच झोपल्या. मंजिरीही घरी जाऊन झोपली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर उघड्या दाराचा फोटो आला: ‘पेशंट सेफ्टीसाठी आमचं नवं पाऊल.’ पाऊल कोणाच्या पायाने पडलं, ते लिहायला जागा उरली नसावी.

तुमचंही कोणीतरी अशाच एखाद्या वॉर्डात असेल. फिनेल हुंगून, फरशी बघून, देवाला हात जोडून तुम्हीही निवड केली असेल. या रविवारी जा. नमस्कार नंतर करा. आधी विचारा, दुसरं दार कुठे आहे. कोणी बोट दाखवलं म्हणून परत फिरू नका. ते दार उघडायला लावा, त्या जिन्याने स्वतः रस्त्यापर्यंत उतरा. उतरता आलं नाही, तर तो जिना मोकळा होईपर्यंत तिथून हलू नका.

तुम्हाला निदान हलता येतं.