नापास फोटोंचा डबा

फोटोवाला पहिल्यांदा नीट नजरेत भरला तो शाळेत, ओळखपत्रांच्या फोटोंच्या दिवशी. व्हरांड्यात पांढरा पडदा टांगलेला, समोर एक गोल स्टूल आणि सातवीची बेचाळीस मुलं रांगेत. 'हसू नका' म्हटलं की मुलं हसणारच. पण हा गृहस्थ कुणावर खेकसत नव्हता. पोर स्टुलावर बसलं की दोन बोटांनी हनुवटी जराशी वर करायचा, कॅमेऱ्यामागे जायचा आणि तिथून सहज विचारायचा, "डबा घरी नाही ना विसरलास?" पोराचं हसू जागच्या जागी विरायचं, डोळे आठवायला लागायचे आणि तेवढ्यात फोटो निघालेला असायचा. चाळीस मुलं अशी एका दमात झाली.

एकेचाळिसाव्या मुलीचा घोळणा फुटला. पांढऱ्या शर्टावर रक्ताची धार लागली. फोटोवाल्याने तिला उचलून नळापाशी नेलं, मान पुढे वाकवली, नाक चिमटीत धरलं आणि स्वतःचा रुमाल भिजवून कपाळावर ठेवला. सगळं नेमकं केलं. फक्त हा सगळा वेळ तो हसत होता. वर्गाच्या बाई संतापल्या. पोरीचं रक्त वाहतंय आणि तुम्हाला हसू सुचतंय, असं त्यांनी सुनावलं. तो "चुकलं बाई" म्हणाला आणि तेही हसतच म्हणाला. रुमाल धरलेला हात मात्र थरथरत होता. पण हाताकडे कोण बघतं? सगळे तोंडाकडे बघतात.

त्याचं दुकान म्हणजे दवाखाना आणि झेरॉक्सवाला यांच्या मधली एक लांबट खोली. आत पडदा, दोन दिवे आणि स्टूल. बाहेर काउंटर, आणि काउंटरमागे कटर घेऊन फोटो कापायला बसलेली त्याची बायको. पासपोर्ट, परवाना, पेन्शन, परीक्षेचा अर्ज, एवढाच धंदा. मोठ्या माणसांसाठी त्याचा प्रश्न वेगळा असायचा, "घराला कुलूप लावलंत ना?" भलेभले हुद्देदार या प्रश्नाला गंभीर होत. एक वकील तर फोटो न घेताच घरी पळाले होते.

तरी काही फोटो ऑफिसातून परत यायचेच. मागे शेरा असायचा: 'दात दिसतात', 'चेहरा हसरा'. फोटोवाला नवा काढून द्यायचा आणि परत आलेला एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचा. असे फोटो भंगारवालासुद्धा घेणार नाही, असं बायको म्हणायची. पण त्याला त्यातला एकेक चेहरा पाठ होता. परदेशी निघालेला एक तरुण, ज्याची आई तेव्हा बाहेर बाकावर बसून होती. ऑपरेशनच्या कागदांसाठी फोटो काढायला आलेला सुतार. नवरा जाऊन पंधरवडा झालेली एक बाई. सगळे हसरे. घाबरलेला माणूस सगळ्यांत जास्त हसतो, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पंचवीस वर्षांत त्या डब्याने शिकवलं होतं.

दुसऱ्यांचं कळत होतं. स्वतःचं मात्र कुणाला समजावता आलं नव्हतं, आणि जिला समजावायचं ती दहा मिनिटांच्या अंतरावर राहत होती.

ती त्याची थोरली बहीण, ताई. आई गेल्यावर तिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी भावोजींना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. दुपारची वेळ होती. ताई पॅसेजच्या टोकाला बाकावर बसली होती, आणि डॉक्टरांनी आत बोलावून सांगितलं ते फोटोवाल्याला. तिथून ताईपर्यंत चाळीसएक पावलं. ती पावलं तो चालत आला आणि चेहऱ्यावर तेच हसू. ताईने लांबूनच पाहिलं, उठून उभी राहिली आणि छातीवर हात ठेवून मोठा श्वास सोडला. मग तो जवळ आला आणि म्हणाला, "ताई, भावोजी गेले."

ताई त्याला एकच वाक्य बोलली. "तू हसत आलास." त्यानंतर अबोला.

समजूत घालायला तो दोनदा गेला. पहिल्यांदा दारात उभा राहून "ताई, त्या दिवशी" एवढंच म्हणाला आणि ओठ आपोआप ताणले गेले. दार लागलं. दुसऱ्यांदा बायकोला बरोबर नेलं, तेव्हाही तेच. मग पत्र लिहिलं. कागदावर कुणालाही रडता येतं, असा निरोप आला. भाचीच्या लग्नाचे फोटोसुद्धा ताईने पुलापलीकडच्या स्टुडिओला दिले. फोटोवाला त्या दिवशी दुकान उघडून बसला होता.

आणि मग त्या नटीचा खटला आला.

नटी अशी की तिचा चेहरा साबणाच्या वेष्टनापासून बसच्या पाठीपर्यंत सगळीकडे. तिचा कारभार बघणाऱ्या माणसाने आपल्याला दोन वर्षं घरात कोंडून ठेवलं, मारहाण केली, अशी तिची फिर्याद होती. साक्षीच्या पिंजऱ्यात ती हे सांगत होती आणि सांगता सांगता हसत होती. चित्रणातला तेवढाच तुकडा कापून सगळीकडे फिरवला गेला. मार खाल्लेली बाई हसेल का, असं ज्याने त्याने विचारलं, आणि निकाल कोर्टाच्या आधी कट्ट्यांवर लागला.

मग एका मानसशास्त्रज्ञ बाईंची साक्ष झाली. त्या म्हणाल्या की अति भीतीत किंवा दुःखात काही माणसांच्या चेहऱ्यावर हसू येतं. ते आनंदाचं नसतं आणि त्यांच्या हातातही नसतं. पुढे असंही म्हणाल्या की त्यावरून फिर्याद खरी ठरत नाही, तशी खोटीही ठरत नाही. लोकांनी अर्धंच ऐकलं. कुणी म्हणालं, बाई विकल्या गेल्या. कुणी म्हणालं, शिकलेली माणसं काहीही सिद्ध करतात. मुलं मधल्या सुट्टीत कोर्ट-कोर्ट खेळू लागली. ज्याला हसू आवरणार नाही तो सुटला. काही बायका मात्र विषय निघाला की नुसत्या गप्प बसत.

दुकानातल्या छोट्या टीव्हीवर ती साक्ष लागली तेव्हा फोटोवाल्याची बायको कटर थांबवून म्हणाली, "अहो, ऐकलंत?" तो "ऐकलं" म्हणाला आणि समोरच्या गिऱ्हाइकाचा फोटो त्याने चक्क वाकडा काढला.

तीनचार दिवसांनी ड्रायव्हिंग मास्तर आले. गाडी शिकवायचा त्यांचा क्लास होता, आणि ब्रेकपेक्षा जिभेवर त्यांचा ताबा कमी, अशी ख्याती. परवान्याचं नूतनीकरण होतं. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांनी खटला काढला. आमची ही चिडली की मीही हसतो, तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंनी मलाही एक सर्टिफिकेट द्यावं, असं ते म्हणाले. बाहेर बसलेली दोन गिऱ्हाइकं खदखदून हसली.

"तुम्ही हसता म्हणूनच त्या चिडतात, मास्तर," काउंटरमागून बायको म्हणाली.

मास्तरांनी तेही हसण्यावारी नेलं. मग कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, "फोटोवाले, तुम्ही एवढे चेहरे बघता. खरं सांगा, दुःखात माणूस हसतो का?"

एरवी त्याने कुलपाचं विचारलं असतं आणि मोकळा झाला असता. पण त्या दिवशी तो कॅमेऱ्यामागून पुढे आला.

"मी हसलो होतो," तो म्हणाला.

आणि त्याने सगळं सांगितलं. दवाखाना, पॅसेज, चाळीस पावलं. मास्तर ज्या इमारतीत राहतात तिथल्याच तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणजे आपली ताई, हेही सांगितलं. सांगताना अर्थातच हसत होता. मास्तरांना आधी वाटलं, गंमत चालली आहे, आणि तेही हसायच्या बेतात आले. मग त्यांची नजर खाली गेली. फोटोवाल्याच्या हातातलं लेन्सचं झाकण स्टुलाच्या कडेवर टकटक वाजत होतं.

त्याने फळीवरचा डबा दाखवला. "यात सगळे असलेच आहेत. उघडून दाखवत नाही, लोकांचे आहेत. पण त्यात सुखात असलेला एकही माणूस नाही, मास्तर."

त्या दिवशी मास्तरांना कुलपाचं विचारावं लागलं नाही. फोटो आपोआप पास होण्यासारखा आला.

मास्तरांच्या पोटात गोष्ट राहणं शक्यच नव्हतं. पण या वेळी त्यांनी ती चारचौघांत वाटली नाही. दुसऱ्या दिवशी ताई भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होती, तेव्हा त्यांनी पिशवी हातातून घेतली आणि तीन मजले चढेपर्यंत सगळं सांगितलं, झाकणाच्या टकटकीसकट. ताईने ऐकून घेतलं, दाराशी पिशवी परत घेतली आणि आत गेली. मास्तरांना वाटलं, आपण नको तिथे गाडी घातली.

आठवडा गेला. गुरुवारी दुपारी, दुकानात कुणी नसताना, ताई आली.

काउंटरशी उभी राहून ती परक्यासारखी म्हणाली, "पासपोर्टचे फोटो हवेत." लेकीला मूल झालं होतं, तिच्याकडे परदेशी जायचं होतं. फोटोवाल्याच्या बायकोने कटर खाली ठेवलं आणि आतला दिवा लावला, एवढंच. नणंदेला बसा म्हणायचंसुद्धा तिला सुचलं नाही.

ताई स्टुलावर बसली. केस पांढरे झाले होते. फोटोवाल्याने हनुवटीला लावायला दोन बोटं पुढे केली आणि ती मध्येच थांबली. ताईने आपणहून हनुवटी वर केली. तो कॅमेऱ्यामागे गेला आणि तिथेच उभा राहिला. प्रश्न काही तोंडातून निघेना.

"विचार ना," ताई म्हणाली. "सगळ्यांना विचारतोस म्हणे."

"कुलूप लावलंस?"

"लावलंय. दोनदा ओढून पाहिलंय."

फोटो निघाला. ताई उठली नाही. तिने पर्स उघडली, आतल्या कप्प्याची चेन ओढली आणि एक लहानसा फोटो काढून त्याच्यापुढे धरला. कडा पिवळ्या पडलेल्या. अकरा वर्षांपूर्वीची ताई. गळा रिकामा, डोळे सुजलेले आणि ओठांवर स्वच्छ हसू. मागे शेरा होता: 'चेहरा हसरा, नवीन फोटो जोडावा.'

"पेन्शनच्या अर्जाला लावला होता," ती म्हणाली. "पुलापलीकडे काढलेला. ऑफिसातल्या बाईने तो परत दिला तेव्हा माझ्याकडे असं पाहिलं, मी तुझ्याकडे पाहिलं होतं ना, अगदी तसंच."

फोटोवाल्याने वाकून मागचा शेरा पुन्हा वाचला.

"कुणाला दाखवला नाही. पोरीलाही नाही. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी वाईट आहे. तुझ्यावर रागावून असलं की ते झाकलं जायचं." तिने पर्सची चेन लावली. "त्या डॉक्टरीणबाई टीव्हीवर बोलायला लागल्या तेव्हा मी दोनदा टीव्ही बंद केला. मास्तरांनी सांगितलं त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकलं."

"ताई, मी ती चाळीस पावलं हसू पुसत आलो गं. जात नव्हतं."

"मला वाटलं होतं, ते वाचले. तू हसत येताना दिसलास आणि मला वाटलं, वाचले. राग त्याचा होता, धाकट्या. हसण्याचा नव्हता."

तो यावर काही बोलणार, तोच ते हसू आलं. नेमकं तेच, नको तेव्हाचं. त्याने तोंड फिरवलं. ताईने स्टुलावरूनच हात लांब करून दोन बोटांनी त्याची हनुवटी आपल्याकडे वळवली आणि नीट पाहिलं, लहानपणी ताप बघायची तसं.

"असू दे," ती म्हणाली. "आता ओळखते मी याला."

मग जुना फोटो त्याच्या हातावर ठेवून म्हणाली, "हा तुझ्या डब्यात टाक. पर्समध्ये माझ्या लेकीच्या बाळाचा ठेवायचाय."

काउंटरमागे फोटोवाल्याची बायको डोळे पुसत फोटो कापत होती. म्हणाली, "वन्सं, एक फोटो तिरका कापला गेला. थांबा, दुसरा देते."

"काप सावकाश," ताई म्हणाली. "मला कुठे जायचंय लगेच."

नटीच्या खटल्याचा निकाल पुढे पुष्कळ दिवसांनी लागला. कट्ट्यांवर त्यावरही वाद झाले आणि मग लोकांना दुसरा विषय मिळाला. ड्रायव्हिंग मास्तर मात्र अजून कुणी 'हसतोस काय' म्हणून दुसऱ्यावर डाफरलं की मध्ये पडतात आणि आधी त्याच्या हाताकडे बघा म्हणून सांगतात. शिकाऊ ड्रायव्हर भित्रा का धीट तेही ते हल्ली तोंडावरून ठरवत नाहीत, स्टिअरिंगवरची बोटं बघतात. शाळेतल्या त्या बाईंनीही पुढच्या वर्षी ओळखपत्रांच्या दिवशी फोटोवाल्याला व्हरांड्यात खुर्ची दिली आणि त्याचा मागच्या वर्षीचा रुमाल, धुऊन इस्त्री केलेला, परत केला.

ताईचा पासपोर्ट पहिल्याच फेरीत पास झाला. ती सध्या लेकीकडे असते, तीन महिन्यांसाठी. तिच्या घराची किल्ली फोटोवाल्याकडे आहे, आणि तो एक दिवसाआड दुकान उघडण्याआधी तिथे जाऊन कुंड्यांना पाणी घालतो.