साडीचं दुसरं टोक

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका साडीची घडी. डिंडोलीच्या आमच्या खोलीत संध्याकाळी सुमननं मजुरीवर घरी आणलेली, धागे कापून झालेली साडी झटकली आणि म्हणाली, "अहो, दुसरं टोक धरा." मी टीव्ही बघत धरलं. "पुढं या ना. लांब उभं राहून घडी पडते का?" मी दोन पावलं पुढं गेलो, तसा तिनं हळूच विषय काढला. "उद्या रविवार आहे. बमरोलीला नामदेवभाऊजींकडे जाऊन येऊ." नामदेव माझा धाकटा भाऊ. मी टोक सोडून दिलं. "त्याचं नाव या घरात काढायचं नाही," म्हणालो. तिनं एकटीनं मांडीवर घडी घातली आणि भाकरी टाकायला गेली.

सुमन माझी बायको. पालिकेच्या मराठी शाळेत दुपारचं जेवण रांधायची. शिकलेली दुसरीपर्यंत. मी चौथी, आणि पुढचं सगळं आयुष्य लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात. खात्यातल्या खडखडाटानं माझा आवाज मोठा झाला, तिचा कधी झाला नाही.

शाळेत मुलं भांडली की गुरुजी त्यांना तिच्याकडे धाडायचे. आधी बाई लोक मुलांना सॉरी म्हणायला लावायच्या. सुमनला ते पटायचं नाही. "सॉरी म्हणजे थुंकी. टाकली की झालं, आत काही हलत नाही." छपाई बिघडलेली एक जुनी साडी तिनं भाताच्या पातेल्यावर झाकायला ठेवली होती. भांडलेल्या दोघांच्या हातात तिची दोन टोकं द्यायची आणि म्हणायची, "घडी घाला. मग जेवायला बसा."

एकदा मी तिला घराची चावी द्यायला शाळेत गेलो तेव्हा बघितलं. दर्शनानं रोहिणीची चित्रांची वही फाडली होती. दोघी दुसरीतल्या, तोंडं फुगलेली. रोहिणी ओरडली, "मावशी, ही वाकडं धरते."

"मला कशाला सांगतेस? तिला सांग."

"नीट धर गं," रोहिणी भिंतीकडे बघत म्हणाली. दर्शनानं नीट धरलं. साडी लांब, एका घडीत संपत नाही. दर घडीला दोघींना जवळ यावं लागलं. शेवटी बोटाला बोट लागलं, तेव्हा दर्शना पुटपुटली, "माझी वही घे. अर्धी कोरी आहे."

पण सुमन जबरदस्ती करायची नाही. एक पोर आठ दिवस टोक धरायला तयार नव्हती. सुमन म्हणाली, "राहू दे. खपली ओढून काढली तर रक्तच येतं." आणि सारखं मार खाणाऱ्या पोरीला तिनं सांगितलं होतं, "माफ कर, पण बस दुसऱ्या बाकावर. माफ केलं म्हणून पाठ पुढं करायची नसते."

नामदेवला तिनंच वाढवलं. तो दहा वर्षांचा असताना गावाहून आमच्याकडे आला. ताप आला की माझ्याकडे नाही, तिच्याकडे जायचा. आमच्यात लग्नाचं बोलावणं करायला भावाच्या घरी स्वतः अक्षता घेऊन जावं लागतं. आमच्या पोरीच्या लग्नाच्या वेळी मला खात्यातून सुट्टी मिळत नव्हती. मी पत्रिका खात्यातल्या एका माणसाच्या हाती पाठवली. नामदेव आला नाही. मांडवात जो तो विचारत होता, नवरीचा काका कुठं आहे. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं सोडलं. आधी चुकलो मी. हे आज लिहितो, तेव्हा मानलं नाही.

सहा वर्षं ती मागं लागली होती. तिला तर तो शाळेच्या फाटकाशी येऊन भेटून जायचा, हे मला ठाऊक होतं. "तुम्ही दोघं एका ताटात जेवलेले मला बघायचंय, दुसरं काही मागत नाही," ती म्हणायची. कधी टोमणा मारायची, "पहिलीतली पोरं चार दिवसांत बोलायला लागतात. तुम्ही कितवीत आहात?" मी म्हणायचो, "शाळेतलं शाळेत ठेव." ती उठून कामाला लागायची. भांडली असती, तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी तिसरी भाकरी तव्यावर होती. ती छाती धरून खाली बसली. दवाखाना यायच्या आधी रिक्षातच गेली. माझं तिच्याशी शेवटचं बोलणं तेच, नाव काढायचं नाही.

सकाळी गल्ली भरली. तिरडी उचलायच्या वेळी गर्दीतून नामदेव पुढं आला. डोळे सुजलेले, पायात चप्पल नव्हती. "दादा, वहिनीले खांदा देऊ दे माले."

सगळे माझ्याकडे बघत थांबले. दांड्याजवळचा शेजारी त्याला जागा द्यायला बाजूला सरकलासुद्धा. मी त्या शेजाऱ्याला हातानं परत जागेवर उभं केलं.

"चौघं झालेत," मी म्हणालो, आणि मडकं उचलून पुढं चालू लागलो.