नरसव्वाने आणलेला दाखला

नवीन बाई गल्लीत राहायला आली की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला, "कुठली गं तू? कुणाची?" नरसव्वाने मला तो विचारलाच नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. विडी वळता वळता, मान वर न करता म्हणाली, "काय व्हायचं हाय तुला?"

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल. मी एकोणीस वर्षांची, सासर सोडून, दौंडला गाडी बदलून, कुणी ओळखणार नाही अशा गावी आलेली. मला काय व्हायचंय हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. "बरं, इचार कर," ती म्हणाली. "तवर विड्या वळायला शीक." तिच्या खोलीतला एक कोपरा माझा झाला. दार वाजलं की मला न्यायला कुणी आलं असं वाटून मी मोरीत जाऊन उभी राहायची. ती त्यावरही काही विचारत नसे.

पुढचं मात्र ती सगळ्यांना विचारी. पोस्टमनला एकदा म्हणाली, "पेन्शनीत गेल्यावर काय करनार तुमी?"

"अजून बावीस वर्षं हायत की, बाई."

"मग ठरवायला येळ हाय," म्हणत तिने विडीचं तोंड नखाने दुमडलं.

मला कुतूहल होतं ते तिच्या मागच्या आयुष्याचं. रागावली की तेलुगूत बोले. कोपरापाशी कुणाचं तरी नाव गोंदलेलं, त्यावर भाजल्याची खूण. अपघात, की मुद्दाम? दोनदा विचारून पाहिलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, "ते तिकडं असू दे. पानं भिजव."

वर्षभराने मी तिला सांगितलं, नर्स व्हायचंय. पण त्या कोर्सला सातवी पास लागे आणि माझी शाळा सहावीत सुटलेली. परीक्षेला बाहेरून बसता येत होतं, फक्त शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा. तो तापीकाठच्या माझ्या गावी. आणि आबांनी, माझ्या वडिलांनी, निरोप धाडला होता की सासर सोडलंस तर आमच्या उंबऱ्याला पाय लावू नकोस. हेडमास्तरांना दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. मुदत आठवड्यावर आली तेव्हा मी म्हटलं, "जाऊ दे अक्का, विड्याच बऱ्या."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडून गावाचं आणि शाळेचं नाव कागदावर लिहून घेतलं आणि मराठी वाचता न येणारी ही बाई पिशवीत भाकऱ्या घालून निघून गेली. चौथ्या दिवशी परतली. दाखला पोलक्यात, घामाने ओलसर.

"कोण भेटलं?"

"मास्तर."

"आणि?"

"येताना यष्टी भेटली. फॉर्म भर."

मी पास झाले, नर्स झाले. नांदेडच्या दवाखान्यात असताना नरसव्वा गेल्याचं पत्र आलं. रजा मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी आबा, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आले. पट्टी बांधलेली असताना एका दुपारी आपणहून बोलू लागले. "तुझी ती सोलापूरची बाई. मास्तर म्हणे, बापाची सही आणा. मी सांगितलं, ती पोरगी आम्हाले मेली. तर दिवसभर ओट्यावर बसून राहिली. सारं गाव पाहे."

"मग?"

"मग म्हणे, मेली असंल तर मरणाचा दाखला द्या, जिती असंल तर शाळेचा द्या. एक घेतल्याबगर मी जात न्हाय."

मी त्यांच्या डोळ्यावरची पट्टी सारखी केली.

"सही करताना हात कापे माझा," ते म्हणाले. "कागद तिनंच धरला."