ओटीतली साखर

देवीवर माझा विश्वास आहे, उपवासावर नाही. हे घरात बोलून दाखवलं की आमची ही कानांवर हात ठेवते. गेल्या वर्षी माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिनं परस्पर नवस बोलून टाकला: यंदाच्या नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास, फक्त पाणी आणि एखादं फळ. तिला स्वतःला शुगर आहे, रोज गोळी लागते, याचा विचार तिनं केलाच नाही. मी मूळचा काळजीखोर. घरातून निघताना कुलूप दोनदा ओढून पाहिल्याशिवाय माझा पाय उचलत नाही. पण हे व्रत तिनं माझ्या जिवासाठी धरलेलं, तिथं मी काय बोलणार? मी एवढंच पाहिलं की सकाळची गोळी चुकू नये. खाणं बंद असताना तीच गोळी अंगावर उलटू शकते, हे मला माहीत नव्हतं.

यवतमाळात नवरात्र म्हणजे सगळं गाव संध्याकाळी रस्त्यावर. सप्तमीला आम्ही दोघं मंडळाच्या देवीची ओटी भरायला गेलो. रांग लांब, मंडपात उकाडा, ढोलांचा आवाज छातीत घुमत होता. हिच्या कपाळावर घाम दिसला. मी म्हणालो, "चल, घरी जाऊ." ती म्हणाली, "आता देवी समोर दिसून राह्यली अन घरी कायले जाता?" थोड्या वेळानं तिचे हात थरथरू लागले. साडी घामानं भिजली. ती काहीतरी पुटपुटायला लागली, मी खांद्याला धरलं तर माझ्याकडे अनोळखी नजरेनं पाहून म्हणाली, "कोन आहे तुमी?" इतक्या वर्षांच्या संसारात तिनं मला पुष्कळ ऐकवलं आहे, पण हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "अंगात आली! माय अंगात आली!" झालं. लोक मागे सरले, जागा झाली, ढोल आणखी चढले. कोणी तिच्या कपाळावर मळवट भरला. एका बाईनं पाया पडून मुलीच्या लग्नाचं विचारलंसुद्धा. खरं सांगतो, माझेही हात जोडले गेले. तिनं माझ्यासाठी अन्न सोडलं होतं, तेव्हा देवी तिच्याकडे येणार नाही तर कोणाकडे, असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन भीतीनं अर्धमेलं झालं होतं. देवी आली असेल तर हिला धरायचं नाही, आणि आली नसेल तर ही माझ्या डोळ्यांसमोर जाते आहे, आणि दोन्हींतलं खरं काय हे मला कळत नव्हतं. मी देवीच्या मूर्तीकडे पाहिलं आणि मनात एवढंच म्हणालो, आई, मला काही समजत नाही, तूच बघ.

रांगेत आमच्या मागे पन्नाशीची एक बाई होती, दारव्ह्याहून आलेली. कपाळ मोकळं, हातात ओटीची पिशवी. ती पुढे झाली, हिच्या मानेला हात लावून पाहिला आणि मला म्हणाली, "भाऊ, यायले शुगर आहे काय? गोळी घेतली आज? अन खाल्लं काय?" मी सांगितलं, गोळी घेतली, उपवास आहे. "मंग हे अंगात येनं नाही. शुगर खाली गेली. साखर द्या लागते, आत्ताच."

साखर! आमच्या घरात हिच्यापासून लपवून ठेवायची वस्तू. आजूबाजूचे ओरडले, "शुगरवाल्या बाईले साखर देऊन मारता काय?" बाईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पिशवीतून साखरेचा पुडा काढून तो दातांनी फाडला. माझ्या तोंडून निघालं, "अहो, ती देवीच्या ओटीची आहे." ती म्हणाली, "देवीलेच देऊन राह्यली नं."

मग माझ्याकडे वळून हळू बोलली, "माह्या मालकाले असंच झालतं, बसस्टँडवर. लोकायले वाटलं दारू पेला. कोनी हात नाही लावला. मलेई तवा माईत नव्हतं. गिळता येते तवरच द्या भाऊ, बेसुद झाल्यावर तोंडात काईच टाकता येत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, घाई होती. मी पाण्याची बाटली पुढे केली.

तिनं हिला खाली बसवून आपल्या अंगाशी टेकवलं, साखर पाण्यात हलवली आणि घोट घोट पाजली. मी हिच्या घशाकडे बघत होतो, प्रत्येक घोट खाली उतरतो का ते. तेवढा वेळ काही सरता सरेना. मग घाम कमी झाला. थरथर थांबली. हिनं मान वळवून मला पाहिलं, आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "हे गोड काय पाजता? उपास आहे नं माहा!" मी तिथंच, सगळ्यांसमोर, रडलो.

"बरं वाटलं म्हनून घरी नेऊ नका," बाईनं बजावलं. "गोळीचा जोर उतरला नाही, शुगर परत खाली येते. काई खाऊ घाला अन सरळ दवाखान्यात न्या." ऑटोत बसेपर्यंत तिनं हिचा हात सोडला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि हिला रात्रभर ठेवून घेतलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं ते म्हणू लागले, तेव्हा मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही.

सकाळी हिनं डोळे उघडले. म्हणाली, "उपास मोडला माहा. आता तुमचं काई झालं त?" मी तिला त्या बाईची सगळी हकिकत सांगितली, पुडा फाडताना ती काय बोलली तेही. मग हिनं विचारलं, "अन त्या बाईचा मालक?"

मी सांगितलं, तिचं कपाळ मोकळं होतं.

देवीवर सोपवलं की कुठूनतरी हात पुढे येतो, हे त्या संध्याकाळी मी पाहिलं. पण बसस्टँडवर तो हात का आला नाही, हे मला कळत नाही आणि देवीला विचारायची माझी छाती नाही. एवढं मात्र जाणतो की त्या माणसाच्या जाण्यातून तिला जे कळलं, त्यावर माझी बायको जगली. आता देवीसमोर उभा राहिलो की आधी त्याला नमस्कार करतो. त्याचं नाव मला माहीत नाही.